ग्रॅव्हिटीवरून बेसमेंटची खोली सारखी चुकतेय? कुठे आणि कुठल्या क्रमाने बघायचं

ग्रॅव्हिटी म्हणजे इथे जमिनीवर ठिकठिकाणी मोजलेलं गुरुत्वाकर्षण, आणि बेसमेंट म्हणजे गाळाखालचा जुना कठीण खडक. पहिल्यावरून दुसऱ्याची खोली काढताना काय चुकतं ते बघू. आधी लक्षणं. खालच्यापैकी एक जरी तुमच्या नकाशात दिसत असेल तर पुढे वाचा, नसेल तर तुम्ही नशीबवान.

मॉडेल एकदम फिट बसतंय, एरर जवळपास शून्य, पण जिथे बोअर आहे तिथे बेसमेंट १४०० मीटरला लागलेलं आणि तुमचं येतंय ८०० ला. हे सगळ्यात कॉमन. दुसरं म्हणजे अनॉमलीचा (ग्रॅव्हिटी अपेक्षेपेक्षा किती कमी-जास्त ते दाखवणारा) नकाशा आणि टोपोशीट शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच दिसतात, जिथे टेकडी तिथे लो, जिथे नदी तिथे हाय, किंवा बरोबर उलटं. तिसरं, एकाच स्टेशनभोवती (मोजणीच्या जागेभोवती) गोल गोल कंटूर, बैलाच्या डोळ्यासारखे, आणि आजूबाजूला काहीच नाही. चौथं, रस्त्याच्या बाजूने पट्टे, म्हणजे सोमवारचा ट्रॅव्हर्स एका रंगाचा आणि मंगळवारचा दुसऱ्या. पाचवं, जुना डेटा आणि नवा डेटा जोडला तिथे सरळ रेषेत पायरी. सहावं, खोऱ्याच्या कडेला बेसमेंट जमिनीच्या वर निघतं, हवेत तरंगतंय, आणि मुलं ते गुपचूप शून्य करून टाकतात. सातवं, इन्व्हर्जन (ग्रॅव्हिटीवरून उलटी खोली काढणारं गणित) चालवलं की तळ करवतीच्या दातांसारखा येतो आणि प्रत्येक इटरेशनला (गणिताच्या फेरीला) दात अजून वाढतात.

पुण्यात डिझर्टेशनचा सीझन आला की हे सगळे नमुने माझ्याकडे येतात, आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअर बदलू का हाच असतो. स्पष्टच सांगतो, सॉफ्टवेअर शेवटी. बहुतेक वेळा दोष इन्व्हर्जनच्या आधीच बसलेला असतो, आणि इन्व्हर्जन बिचारं तुम्ही दिलेले आकडे इमानदारीने खोलीत बदलून देतं.

सुरुवात करायच्या आधी एक आकडा पाठ करून टाका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आडव्या पसरलेल्या एक मीटर जाडीच्या थराने ग्रॅव्हिटी ०.०४१९ मिलिगलने (मिलिगल हे ग्रॅव्हिटीचं एकक) बदलते, गुणिले घनतेतला फरक ग्रॅम प्रति सीसीमध्ये. हे उलटं केलं की एक मिलिगल म्हणजे २३.८५ भागिले घनतेचा फरक इतके मीटर. गाळ आणि बेसमेंटमध्ये ०.४ चा फरक धरला तर एक मिलिगल म्हणजे जवळजवळ ६० मीटर खोली. आता कुठलीही शंका आली की ती मिलिगलमध्ये किती आणि मग मीटरमध्ये किती, हे कागदावर काढायचं. चूक ५०० मीटरची असेल तर ८-९ मिलिगल कुठून तरी आलेत किंवा गेलेत, मग २० मायक्रोगलच्या (हजार मायक्रोगलचा एक मिलिगल) मागे तीन दिवस घालवायचे नाहीत. भरतीओहोटीचं करेक्शन राहिलं असेल का, असं विचारतात. पृथ्वीच्या टाइडचा (चंद्र-सूर्याच्या ओढीचा) पूर्ण चढउतार फार तर ०.३ मिलिगलच्या आसपास, म्हणजे १८ मीटर. राहिलं असेल तर जरूर करा, पण ५०० मीटरचा चोर तो नाही.

फुकटातलं, खुर्चीत बसून

पहिलं युनिट्स आणि चिन्हं. हसू नका. डेटा मिलिगलमध्ये आणि प्रोग्रॅमला मायक्रोगल हवेत, घनता ग्रॅम प्रति सीसी आणि प्रोग्रॅमला किलो प्रति घनमीटर, अंतर किलोमीटरमध्ये आणि ग्रिड मीटरमध्ये, खोली खाली पॉझिटिव्ह की वर, आणि घनतेच्या फरकाला उणे चिन्ह दिलंय का. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे मुद्दाम एक खोटं खोरं बनवा, एक किलोमीटर खोल, खूप रुंद, फरक उणे ०.४, आणि त्याची ग्रॅव्हिटी काढा. मध्यभागी उणे १६.८ च्या जवळपास आली पाहिजे. नाही आली तर पुढे जाऊच नका.

मग स्टेशनची यादी. अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश अंश यांची सरमिसळ झालीय का, म्हणजे १८ अंश ३० मिनिटांचं कोणी १८.३० लिहिलंय का. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे मोजमाप कशाला धरून करायचं तो आधार) आणि तुमचा हँडसेट डब्ल्यूजीएस ८४ वर, दोन्हींत शंभर मीटरच्या वरही फरक पडतो. अक्षांशामुळे ग्रॅव्हिटी पुण्याच्या अक्षांशाला उत्तर-दक्षिण किलोमीटरमागे जेमतेम अर्धा मिलिगल बदलते, त्यामुळे नुसत्या त्या शंभर मीटरने काही बिघडत नाही. बिघडतं ते उंचीमुळे. त्या चुकीच्या जागेवरून तुम्ही डीईएममधली (उंचीच्या डिजिटल नकाशातली) उंची उचलता, आणि घाटात शंभर मीटर सरकलं की उंची पन्नास मीटरने बदलू शकते.

उंची, उंची आणि उंची

हा माझा आवडता संशयित, म्हणून इथे थोडा जास्त वेळ. फ्री एअर (नुसत्या उंचीचं) आणि बूगे (मधल्या खडकाचं), दोन्ही करेक्शनं धरून (२.६७ घनतेला) एक मीटर उंचीची चूक म्हणजे ०.१९७ मिलिगल, पाच मीटर म्हणजे एक मिलिगल, म्हणजे वरच्या हिशोबाने ६० मीटर बेसमेंट. मोबाइलवरची उंची दहा मीटरने सहज हलते. मोबाइलवरून उंची घेऊन बेसमेंट काढणाऱ्याला काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही. ते एकाच स्टेशनभोवतीचे गोल गोल कंटूर दिसतात ना, त्यातले निम्मे तरी इथूनच येतात.

पण खरी मोठी गडबड वेगळी आहे. जीपीएस कच्ची उंची देतो ती एलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून), आणि लेव्हलिंगची, बेंचमार्कची, टोपोशीटवरची उंची असते समुद्रसपाटीपासून. आपल्याकडे जिऑइड (समुद्रसपाटी जमिनीखालून पुढे वाढवली तर होणारा पृष्ठभाग) एलिप्सॉइडच्या बराच खाली आहे, जगातला सगळ्यात खोल खड्डा श्रीलंकेच्या दक्षिणेला शंभर मीटरच्या वर आहे आणि आपण त्याच्याच उताराला बसलोय. पुण्याकडे हा फरक ६० मीटरपेक्षा जास्त. म्हणजे डेक्कनवर साधारण ५६० मीटरवर उभे असाल तर कच्चा जीपीएस पाचशेच्या आसपास दाखवेल. आता गंमत अशी की सगळीच स्टेशनं एलिप्सॉइडवर असतील तर फारसं नुकसान नाही, फरक हळूहळू बदलतो आणि बराचसा रिजनलमध्ये (अनॉमलीच्या मोठ्या, संथ उतारात) निघून जातो. पण अर्धी स्टेशनं डिफरन्शियल जीपीएसची आणि अर्धी बेंचमार्कवरची असली, तर ६० गुणिले ०.१९७, जवळजवळ १२ मिलिगलची पायरी तुमच्या नकाशात बसली. ०.४ ला भाषांतर केलं तर सातशे मीटर. एवढ्यावर लोकांनी फॉल्ट काढलेले मी पाहिलेत, नाव देऊन, वयासकट.

तपासायला एक पैसा लागत नाही. प्रत्येक स्टेशनची उंची वजा त्याच जागेची एसआरटीएमची (स्पेस शटलच्या रडारने केलेल्या नकाशातली) उंची, याचा हिस्टोग्राम काढा. एकच कुबड शून्याजवळ आलं तर बरं. शून्याजवळ एक आणि उणे साठ-सत्तरजवळ दुसरं कुबड आलं तर उत्तर मिळालं, घरी जा. इकडेतिकडे एखाददुसरा काटा दिसला तर त्या स्टेशनची फील्डबुक उघडा, आकडे उलटे लिहिलेले असतात, ६५४ चे ५६४.

लूप आणि मशीन

पट्टे दिसत असतील तर इथे या. दिवसाचा लूप (मोजणीची फेरी) बेसवरून (ठरलेल्या संदर्भ जागेवरून) सुरू होऊन बेसवर संपला का, मधे दोन-अडीच तासांनी बेसला किंवा जुन्या स्टेशनला परत रीडिंग घेतलंय का. क्वार्ट्झ स्प्रिंगच्या मशीनचा (ग्रॅव्हिमीटरचा) ड्रिफ्ट (रीडिंगचं आपोआप सरकणं) दिवसाला मिलिगलच्या काही दशांशाइतका असू शकतो आणि तो सरळ रेषेत असेल तर काहीच अडचण नाही. अडचण असते ती उडीची. जीप खड्ड्यात आपटली, मशीन स्पीडब्रेकरवर उडालं, कोणीतरी तिरकं ठेवलं, आणि त्यानंतरची सगळी रीडिंगं अर्ध्या मिलिगलने सरकली. बेसचा नुसता पहिला आणि शेवटचा आकडा घेऊन सरळ रेषा मारली की ती उडी अख्ख्या दिवसात वाटली जाते आणि शोधूनही सापडत नाही. म्हणून रिपीट रीडिंगं वेळेसमोर मांडून बघा, रेषा आहे की पायरी.

आपोआप टाइड करेक्शन करणाऱ्या मशीनमध्ये वेळेची सेटिंग बघा. आपला ग्रीनिचशी साडेपाच तासांचा फरक आहे आणि तो अधिक द्यायचा की उणे हे मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवायचं, अंदाजाने नाही. चुकीचं चिन्ह दिलं की टाइड अकरा तास इकडेतिकडे होते आणि करेक्शन केल्यामुळे डेटा आणखी बिघडतो.

इथे पहिला थांबा. बेसवर मशीन दोन तास हलवलं नाही तरी रीडिंग भटकतंय, किंवा लेव्हल केल्यावर स्थिर होत नाही, किंवा एकाच दिवसात बऱ्याच उड्या, तर हात लावायचा नाही. मशीन उघडायचं नाही, स्क्रू फिरवायचे नाहीत, ‘थोडं हीटर बघतो’ वगैरे काही नाही. ते सर्व्हिसवाल्याकडेच जातं आणि परत आल्यावर कॅलिब्रेशन करूनच वापरायचं. आत जे आहे ते पुण्यातल्या कुठल्याही घड्याळजीच्या कुवतीबाहेरचं आहे.

जुना डेटा जोडताना

सरळ रेषेत पायरी येते त्याचं दुसरं कारण. १९७१ च्या आधीचे निरपेक्ष आकडे पॉट्सडॅमच्या (जर्मनीतल्या जुन्या संदर्भ मोजणीच्या) डेटमवर आहेत आणि ते साधारण १४ मिलिगलने जास्त होते, १९७१ च्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने ते दुरुस्त झाले. त्याबरोबरच नॉर्मल ग्रॅव्हिटीचं (अक्षांशावरून अपेक्षित ग्रॅव्हिटीचं) सूत्रही बदललं, १९३० च्या सूत्रात विषुववृत्तावर ९७८०४९ मिलिगल आहे, १९६७ च्यात ९७८०३१.८५ आणि १९८० च्यात ९७८०३२.६८. जुनं डेटम जुन्या सूत्राबरोबर आणि नवं नव्याबरोबर ठेवलं तर आपल्या अक्षांशाला अनॉमलीत एक-दोन मिलिगलचाच फरक उरतो, कारण दोन्ही बदल एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. पण कोणी जुना ग्रॅव्हिटीचा आकडा घेऊन नवं सूत्र वजा केलं की १४ मिलिगल ताटात. जुन्या छापील नकाशावरून कंटूर डिजिटाइझ केले असतील तर नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक टीप वाचा, तिथे डेटम, सूत्र आणि घनता लिहिलेली असते. कोणी वाचत नाही.

जोडायचा खात्रीचा उपाय म्हणजे जुन्या सर्व्हेची सहा-सात स्टेशनं, सापडतील ती, नव्या मशीनने परत मोजायची. एक दिवस जातो, पेट्रोल जातं, पण वाद संपतो.

टेरेन आणि बूगेची घनता

देशावर सपाटीत काम असेल तर टेरेन करेक्शन (आजूबाजूच्या डोंगर-दऱ्यांसाठीचं) मिलिगलच्या दशांशात जातं, सोडून दिलं तरी चालून जाईल. पण सह्याद्रीच्या कड्यावर, ताम्हिणीला किंवा खंडाळ्याला स्टेशन असेल तर ते अनेक मिलिगल असतं. जमिनीवर हे करेक्शन जवळपास नेहमी अधिकच असतं, कारण वरचा डोंगर मशीनला वर ओढतो आणि खालची दरी म्हणजे जिथे आपण खडक धरलाय तिथे तो नाहीच. म्हणजे केलं नाही तर अनॉमली खोटी कमी येते आणि कड्यालगत एक लांबट, सुंदर, संपूर्ण काल्पनिक खोरं तयार होतं. जवळच्या शंभरेक मीटरचा भाग डीईएमवर सोडू नका, ३० मीटरच्या पिक्सेलला कडा दिसत नाही. स्टेशनच घेताना कड्यापासून लांब घ्यायचं, हे सगळ्यात स्वस्त टेरेन करेक्शन.

नकाशा टोपोशीटसारखा दिसतोय? बूगेची घनता बदलून बघा. २.६७ हा जगभराचा रिवाज आहे, आपला कंपॅक्ट बेसाल्ट २.९ च्या आसपास जातो, आणि मांजऱ्या, फुगेवाला, मुरमाड झालेला बराच हलका. नेटलटनची १९३९ ची पद्धत इथे अजून उत्तम चालते, एका टेकडीवरून प्रोफाइल घ्यायचा, वेगवेगळ्या घनतेने अनॉमली काढायची आणि जिच्यात टेकडी दिसेनाशी होते ती घनता. पुण्यात मुलांना शिकवायला वेताळ टेकडी आहे, वरखाली सव्वादोनशे मीटरचा फरक. घनतेत ०.२ ची चूक म्हणजे तिथे १.९ मिलिगल, म्हणजे डोळ्यांनी दिसते. फक्त टेकडी ज्या खडकाची आहे त्याचीच घनता मिळते, किलोमीटरभर खालच्या थराची नाही, आणि टेकडी बेसमेंटच्या उंचवट्यावरच बसली असेल तर पद्धत फसवते.

रिजनल: इथे अर्धी मुलं बुडतात

किनाऱ्याकडून देशावर येताना बूगे अनॉमली मोठ्या उताराने खाली जाते. मुंबईजवळ हाय आहे, खाली जड अंतर्भेदी खडक आहेत म्हणून, आणि घाटाकडे लांबरुंद लो, ज्यात क्रस्टची (पृथ्वीच्या कवचाची) जाडी वगैरे खोलवरच्या गोष्टी येतात. तुमचं खोरं ह्या उतारावर छोटी घडी घालून बसलेलं असतं. ती घडी वेगळी काढायची म्हणजे रिजनल वजा करायचं, आणि तिथेच हवं तसं उत्तर काढता येतं. तिसऱ्या-चौथ्या डिग्रीचा पॉलिनॉमियल (बहुपदी) लावला की तो खोऱ्याच्या आकाराला वाकतो, निम्मं खोरं गिळतो, आणि मग बेसमेंट उथळ येतं, आणि कडेला हवेत.

उपाय खर्चिक नाही पण लोक टाळतात. सर्व्हे खोऱ्याच्या बाहेर, जिथे बेसमेंट उघडं पडलंय तिथपर्यंत न्यायचा. उघड्या ग्रॅनाइटवर गाळाची जाडी शून्य, म्हणजे रेसिड्युअलही (रिजनल वजा केल्यावर उरलेलंही) शून्य असायला हवं, आणि रिजनलला तिथे खुंटा मिळतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम करत असाल तर नाइसवर (ग्रॅनाइटसारख्या जुन्या रूपांतरित खडकावर) जा, नांदेडच्या देगलूरकडे ग्रॅनाइट डोळ्यांसमोर आहे. पुण्यात बसून हे सुख नाही, चारी बाजूंनी ट्रॅप (दख्खनचा बेसाल्ट), बेसमेंट बघायचं तर एसटी पकडावी लागते.

एक टेस्ट करा. पहिल्या डिग्रीचं, दुसऱ्या डिग्रीचं आणि अपवर्ड कंटिन्युएशनचं (डेटा जास्त उंचीवरून मोजल्यासारखा करून), असे तीन रिजनल काढा, तिन्हींचं बेसमेंट काढा आणि एका प्रोफाइलवर टाका. तिन्हींतला फरक २०० मीटर असेल तर तुमची अनिश्चितता किमान २०० मीटर आहे, रिपोर्टमध्ये १४३७ मीटर लिहू नका.

घनतेचा फरक

इथे थोडा हिशोब करू, कारण ‘बोअरमध्ये खोल, मॉडेलमध्ये उथळ’ याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. गाळ खाली खाली दाबला जातो, वर २.१ असेल तर दोन-तीन किलोमीटरवर २.५ च्या वर जातो, म्हणजे बेसमेंटशी फरक खोलीबरोबर कमी होतो. समजा वर फरक उणे ०.५ आणि दर दोन किलोमीटरला तो सुमारे ३७ टक्क्यांवर येतो, एक्स्पोनेन्शियल पद्धतीने. चार किलोमीटर खोल रुंद खोऱ्याची ग्रॅव्हिटी येते उणे ३६.३ मिलिगल. तीच ३६.३ तुम्ही एकच फरक ०.५ धरून उलटी काढली तर खोली येते १.७३ किलोमीटर. निम्म्याहूनही कमी! आणि फिट मात्र झकास, कारण गणिताला काहीच तक्रार नाही.

आता त्याच उदाहरणात खोली चारवरून पाच किलोमीटर केली तर ग्रॅव्हिटी फक्त २.२ मिलिगलने बदलते. आणि खोली कितीही वाढवली तरी ४१.९ च्या पुढे जात नाही. तुमच्या डेटात एक मिलिगलची धूळ असेल तर तिथे अर्धा किलोमीटर इकडेतिकडे झाला तरी ग्रॅव्हिटीला कळत नाही. खोल खोऱ्याच्या मध्यभागी ग्रॅव्हिटी आंधळी होत जाते, हे खोऱ्यावाल्यांनी लिहून भिंतीवर लावावं.

म्हणून सँपल घ्या. कोअर असेल तर कोअर, नसेल तर उघड्यावरचे ताजे दगड, ओले करून घनता काढा, कारण जमिनीखाली भोकांत पाणी असतं आणि कोरड्या गाळाची घनता घेतली की फरक उगाच मोठा येतो. घनतेचा लॉग मिळाला तर सोनं. मग एक्स्पोनेन्शियल, हायपरबोलिक, पॅराबोलिक, काहीही बसवा, एकच आकडा मात्र नको.

करवतीचे दात? ते बहुतेक वेळा इन्व्हर्जनच्या हावरटपणाचे. पार्करचं एफएफटीचं (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्मचं) गणित आणि ओल्डनबर्गने १९७४ ला ते उलटं फिरवलं, त्यात बारीक तरंगलांबी खाली नेताना फुगते, म्हणून लो-पास फिल्टर लावावाच लागतो. बॉटच्या १९६० च्या पद्धतीतही इटरेशन गरजेपेक्षा जास्त झाली की तेच. दोन किलोमीटरवर स्टेशनं आणि शंभर मीटरचा ग्रिड, असं केलं असेल तर दात हे तुमच्या ग्रिडिंगचे आहेत, जमिनीचे नाहीत. एरर तुमच्या डेटाच्या अचूकतेइतका आला की थांबायचं, शून्याकडे पळायचं नाही.

खाली गाळ आहे तरी का?

हे खरं तर पहिलं विचारायला हवं, पण याला वाचन लागतं म्हणून लोक शेवटी येतात. लो म्हणजे गाळ असं नसतं. हलका ग्रॅनाइटही लो देतो, जाड क्रस्टही देतो. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. कोयना आणि कुर्डुवाडी इथल्या लो पट्ट्यांवरून कृष्णब्रह्मम आणि नेगी यांनी १९७३ मध्ये ट्रॅपखाली रिफ्ट (कवच ताणून खचलेल्या) दऱ्या असाव्यात असं मांडलं. त्या काळच्या डेटावर ते वाजवी वाचन होतं. पुढे कोयनेत खोल बोअर झाले, रासाटीच्या बोअरमध्ये साधारण ९३३ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस, मधे गाळ नाही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतला त्यात ३३८ मीटर ट्रॅप, मग जेमतेम ८ मीटर गाळ, मग बेसमेंट. आठ मीटर गाळ म्हणजे ०.१ मिलिगल, तो ग्रॅव्हिटीत शोधणाऱ्याला माझा नमस्कार.

उलटंही होतं. खंबातच्या खोऱ्यात किलोमीटरांनी गाळ आहे आणि तरी मधल्या भागात हाय आहे, कारण खाली क्रस्टमध्ये जड माल आहे. तिथे डोळे मिटून इन्व्हर्जन केलं तर खोऱ्याच्या मध्यावर डोंगर निघेल.

आणि ट्रॅपखालचा गाळ शोधत असाल तर अजून एक खोड. बेसाल्ट बेसमेंटपेक्षाही जड. ९०० मीटर बेसाल्ट, फरक अधिक ०.२, म्हणजे अधिक साडेसात मिलिगल. त्याखाली ६०० मीटर गाळ, फरक उणे ०.३, म्हणजे उणे साडेसात. बेरीज शून्य, नकाशा सपाट, आणि तुम्ही लिहिता ‘इथे काही नाही’. ट्रॅपची जाडी दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने कळल्याशिवाय हे सुटत नाही. तापी-पूर्णेच्या गाळात तर ग्रॅव्हिटीला दिसणारा मोठा फरक गाळ आणि काळ्या पाषाणाच्या सीमेवर असतो, ग्रॅनाइट त्याच्याही खाली, म्हणजे ‘बेसमेंट’ म्हणून तुम्ही जे काढताय ते ट्रॅपचं डोकं असतं. तिथे पाण्याच्या बोअरवाल्यांना विचारा, पाषाण किती फुटांवर लागला ते त्यांना तोंडपाठ असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, तिथेही रीतसर अर्ज करून बोअरची माहिती विचारून बघा.

बोअर वापरताना एक काळजी. कोळशाचे बोअर बहुतेक कोळशाच्या थराखाली थोडं जाऊन थांबतात, बेसमेंटपर्यंत जात नाहीत. तो आकडा म्हणजे ‘किमान एवढं’, ‘एवढंच’ नव्हे. मुलं तो बेसमेंट म्हणून टाकतात आणि मग घनता ओढूनताणून जुळवतात.

कधी थांबायचं

वरचं सगळं झालं, तीन रिजनल, दोन-तीन घनतेची मॉडेलं, आणि तरी एकाच जागी खोली ९०० ते २००० मीटरमध्ये कुठेही बसतेय, तर थांबा. आणखी प्रोसेसिंग करून हे आकुंचन पावणार नाही. ग्रॅव्हिटीचं उत्तर एकमेव नसतंच, तिला बाहेरून एक तरी पक्की खोली लागते. उघड्या गाळाचं खोरं असेल तर सिस्मिक रिफ्रॅक्शन किंवा रिफ्लेक्शनवाले (कंपनलहरींनी खोली मोजणारे) बोलवा. वर जाड बेसाल्ट असेल तर सिस्मिकलाही तो त्रास देतो, तिथे मॅग्नेटोटेल्युरिक (नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरींवरून जमिनीची वीजवाहकता मोजणारी पद्धत) जास्त उपयोगी, कारण बेसाल्ट आणि ग्रॅनाइट दोन्ही विजेला अडवतात आणि मधला ओला गाळ वाहून नेतो. हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था), पनवेलची भूचुंबकत्व संस्था, अशा ठिकाणी हे करणारी माणसं आहेत. विद्यार्थी असाल तर गाइडला पत्र लिहायला लावा, स्वतःहून फोन करून ‘जरा येता का’ म्हणू नका.

आणि कोणाचे पैसे ह्या आकड्यावर जाणार असतील, बोअर कुठे मारायचा, किती खोल, रिग कुठली, तर नुसत्या ग्रॅव्हिटीवर सही करू नका. मी करत नाही. क्लायंट रागावतो, रागावू दे.

बोलावलेल्या माणसाकडे जाताना रंगीत नकाशा नेऊ नका, त्याला त्यातून काही कळत नाही. कच्ची रीडिंगं वेळेसकट, बेसच्या नोंदी, प्रत्येक उंची कुठल्या पद्धतीची ते सांगणारा कॉलम, वापरलेलं सूत्र आणि डेटम, घनतेच्या सँपलची यादी ओली की कोरडी ते लिहून, आणि फील्डबुक. मूळ फील्डबुक, टाइप केलेली प्रत नव्हे, कारण खाडाखोड त्यातच असते.